गतकालाची साक्ष

मनुष्य गतकालाची स्तुती करू लागला म्हणजे तो त्या काळाविषयी बोलत असतो की स्वतःच्या वयाविषयी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

गेल्या महिन्यात माझे धाकटे बंधू सोलापुरास आले होते. जेवणानंतर त्यांनी एक खंत बोलून दाखविली. १९९४ साली सुरू झालेली 'चॅनेल व्ही' ही संगीतवाहिनी २०१८ मध्ये बंद पडली. ती मौज, तो थिल्लरपणासुद्धा, आता पुन्हा होणे नाही! मला हसू आले. कारण याच वाहिनीपायी मी त्यांस एके काळी पुष्कळ बोललो होतो. त्या धावत्या, क्षणोक्षणी बदलणाऱ्या दृश्यांत गाणे ऐकावयाचे तरी केव्हा, असा माझा सवाल असे. माझे कान दूरदर्शनच्या 'चित्रहारा'वर घडलेले. ठरलेल्या वारी अर्धा तास चित्रपटगीते. जे लागेल ते ऐकावयाचे आणि पुढल्या खेपेपर्यंत आठवावयाचे.

आम्हा उभयतांना आपापल्या चौदाव्या वर्षीचे संगीत सर्वोत्तम वाटते, एवढ्यावरून ही हुरहूर म्हणजे केवळ वयाचा परिणाम, असे कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे आहे. दुर्मिळतेने मला एकाग्रता दिली, ही गोष्ट खोटी नव्हे. त्याचप्रमाणे विपुलतेने बंधूंना निवड दिली, हेही खरेच. १९९५ सालचे अलिशा चिनॉय यांचे 'मेड इन इंडिया' चित्रपटाच्या आधारावाचून घरोघर पोहोचले. 'चित्रहारा'त अशा गाण्यास जागा नव्हती.

तथापि माझ्या साक्षीत एक उणीव होती आणि ती बंधूंनीच दाखविली. "दादा, तेव्हा आपली खिडकी कोण लावून घेत असे, आठवते का?"

आठवले. आमच्या गल्लीत दूरचित्रवाणीचा संच दोनच घरी होता. यंत्रमागावर काम करणाऱ्यांची मुले आमच्या खिडकीच्या गजांना धरून उभी राहत. त्यांच्या गलबल्याने गाणे नीट ऐकू येत नाही म्हणून खिडकी लावून घेणारा मीच होतो. ज्या एकाग्रतेचा मी आजवर अभिमान बाळगला, ती काही अंशी त्या बंद खिडकीची होती.

गतकालाची हुरहूर दोषास्पद आहे, असे मला म्हणावयाचे नाही. आपण कशावर प्रेम केले, याची ती प्रामाणिक साक्ष असते. परंतु त्या काळी दाराबाहेर कोण उभे होते, याविषयी ती मौन पाळते. म्हणून केवळ तिच्या आधारे पुढील पिढीवर निवाडा देणे न्याय्य नव्हे. आज माझे विद्यार्थी खिशातल्या यंत्रावर हवे ते गाणे हवे तेव्हा ऐकतात. अर्धेच ऐकून सोडून देतात, याचे मला वाईट वाटते. ते वाटतच राहील. मात्र त्यांना ते बोलून दाखविण्यापूर्वी मी ती खिडकी आठवीन.