कोरस घरीच
पेडलबोर्ड किती मोठा असावा, हा प्रश्न मला आवाजापेक्षा जागेचा वाटतो. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये मोठी केस कुणाच्या तरी गुडघ्यात घुसते. स्टेजवर वायरी जोडण्यातला वेळ पुढच्या बँडच्या साउंडचेकमधून जातो. एवढं करून तो कोरस कुणाला कळतो? बहुतेकदा फक्त मला. (तेही कारण लहान नाही म्हणा.)

म्हणून चारच: ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, डिले, रिव्हर्ब. पॉवर सप्लायमध्ये मात्र काटकसर नको. बहुतेक पेडल ९ व्होल्टचेच. पण ॲनालॉग ओव्हरड्राइव्हला १० मिलिअँपिअरच्या आसपास पुरतात, डिजिटल डिलेला १०० च्या वर लागू शकतात. सगळे एकाच डेझी चेनवर टाकले की त्याची चिरचिर इतरांच्या आवाजातही शिरू शकते. प्रत्येकाला स्वतंत्र, आयसोलेटेड आउटपुट हवं. त्यासाठी अर्धा किलो ओझं वाढलं तरी चालेल. आमच्या बेसिस्टची केस माझ्या दुप्पट आहे. त्याला हे सांगायचा हक्क मला आहे का, ते ठरत नाहीये.