पाण्याची खूण



जर्मनीच्या आग्नेय टोकाला पासाऊ नावाचं शहर आहे. इथं डॅन्यूबला दोन नद्या भेटतात. इन हिरवट, इल्झ काळसर. संगमाच्या टोकावर उभं राहिलं, की पाण्याचे रंग वेगवेगळे ओळखू येतात. पर्यटक संगम पाहतात, कॅथेड्रलमधला भव्य ऑर्गन ऐकतात आणि बोटीत बसतात.

पण नगरभवनाच्या भिंतीपाशी जरूर थांबावं. आलेल्या महापुरांच्या पातळ्या तिथं सालासकट नोंदवल्या आहेत. सगळ्यात वर 1501. तिच्या खाली 2013. माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर.

खूण पुसलेली नाही.

खरं तर हे पाहुण्यांवर जगणारं शहर. दर्शनी भिंतीवर संकट कशाला, असं कुणी म्हणू शकलं असतं. रंगाचा एक हात पुरला असता. पण खूण पुसलेली नाही.

आपण मात्र किती घाई करतो! कर्ज फिटलं, आजार सरला, की तो विषयच नको. मुलांना वाटतं, घर पहिल्यापासून असंच सुखात होतं. मग पहिल्याच अडचणीत ती गांगरतात.

पासाऊची भिंत रडत नाही. पाणी इथवर आलं होतं, एवढंच सांगते. आणि 2013 च्या पुरानंतर तिथले विद्यार्थी फावडी घेऊन अनोळखी घरांतला चिखल उपसत होते, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

श्रोतेहो, आज घरात जुन्या कठीण दिवसांचा विषय निघाला, तर टाळू नका. तेव्हा कोण धावून आलं होतं, तेही मुलांना नावानिशी सांगा.