साक्षी आणि पाळत

आमच्या सुरगाणा तालुक्यात आता गाईबैलांच्या कानाला पिवळा बिल्ला दिसतो. त्यावर बारा आकडी क्रमांक असतो. मालक कोण, लस कधी टोचली, हे त्यावरून कळते. जनावराच्या हिताची गोष्ट, तक्रार नाही. पण माणसाच्या कातडीखालीही अशी खूण घालता येते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एका कंपनीच्या पन्नासएक नोकरांनी २०१७ साली अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये तांदळाच्या दाण्याएवढी चिप टोचून घेतली. हात पुढे केला की दार उघडे, खाऊचे पैसे चुकते!

खरे सांगायचे तर ही चिप दूरवरून माणूस हुडकीत नाही. तिला बॅटरी नसते. वाचणारे यंत्र अगदी जवळ आले म्हणजेच ती आपला क्रमांक सांगते. पण दारोदारी अशी यंत्रे बसवली, की माणूस केव्हा आला, कोठे गेला, याची वही आपोआप लिहिली जाते. खिशातला फोन घरी ठेवता येतो; कातडीखालचा दाणा कोठे ठेवणार?

कोणी म्हणेल, "महाराज, मनात पाप नाही त्याने भ्यावे कशाला? देव नाही का सगळे पाहत?" देव पाहतो, पण साक्षी म्हणून. सर्व जाणणाऱ्या भगवंतानेही गीता सांगून झाल्यावर अर्जुनावर सक्ती केली नाही. विचार करून इच्छेस येईल ते कर, असेच सांगितले. पाळत ठेवणारा माणूस हेतू धरून पाहतो आणि पाहिलेले उद्या वापरतो. शिवाय कोणी पाहत नसताना पाळली तीच एकादशी. चौकीदाराच्या धाकाने घडला तो उपवास नव्हे, उपासमार.

आणि निष्पापाला भय नसते, हे तरी कोठे खरे? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्यांना हजेरी द्यावी लागे, परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. सोलापुरास तर तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत होती. त्यातल्या तान्ह्या पोराने कोणते पाप केले होते? १९५२ साली तो कायदा देशभर रद्द झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. जामिनावर सुटलेल्याने आपला ठावठिकाणा फोनवरून तपास अधिकाऱ्याला सतत दाखवत राहावे, ही अटही २०२४ साली त्याच न्यायालयाने काढून टाकली. आरोपीला जी मोकळीक, ती कष्टकऱ्याला नको काय?

विस्कॉन्सिनच्या नोकरांनी खुशीने चिप घेतली म्हणतात. सक्तीने टोचू नये असा कायदा तिथे २००६ सालीच झाला होता. पण सुरगाण्याहून द्राक्षबागांत मजुरीला जाणाऱ्याला उद्या कोणी म्हणाले, "दाणा टोचून घे, तरच काम," तर पोटापुढे त्याची खुशी ती काय राहील?

वारीत म्हातारे माणूस चुकू नये म्हणून गळ्यात नावगावाची चिठ्ठी जरूर अडकवा. ती काढता येते. आपली माळही आपण मागून घालून घेतो. ती आपल्याला व्रताची आठवण देते, दुसऱ्याला आपला पत्ता देत नाही. जी खूण आपल्या हाताने उतरवता येते, तीच अंगावर घ्यावी, एवढेच आमचे सांगणे. रामकृष्णहरी.