भांगेला निर्दोष कोणी ठरवलं?

मोबाईलवर सध्या विजया, म्हणजे भांगेच्या, तेलाच्या जाहिरातींचा मारा चालू आहे. झोप येत नाही, गुडघे दुखतात, मन लागत नाही, सगळ्यावर भांगेचा अर्क. आणि वर हमी, की आयुर्वेदिक असल्यामुळे अपाय नाही. सोबतीला परंपरा. थंडाई म्हटली की भांग आलीच, असं बाहेरच्यांना वाटतं. पण कोल्हापूरच्या तालमीत पैलवान कुंडीत घोटतो ते बदाम, खसखस आणि बडीशेप. ती खुराकाची थंडाई. ग्रंथांचा दाखलाही असाच अर्धा दिला जातो. अथर्ववेद ते भावप्रकाश ही वाट परिचित आहे, पण वाटेत शार्ङ्गधरानं भांगेला अफूच्या पंगतीत बसवलं, पचण्याआधीच अंगभर पसरणारं द्रव्य म्हणून. रसशास्त्रानं तिला उपविषांत घातलं आणि शोधनाची, म्हणजे आधी शुद्ध करून घेण्याची, अट लावली. आजच्या औषध नियमांतही विषारी द्रव्यांच्या ‘ई-१’ यादीत ती धोत्रा आणि बिब्ब्याबरोबर आहे. परंपरेनं भांग औषध मानली ती धाक ठेवून.

हा धाक सुटला तो १८९४च्या एका सरकारी अहवालाच्या चुकीच्या वाचनातून, असं माझं मत आहे. इंग्रज सरकारच्या भांग-गांजा आयोगानं ११९३ साक्षी नोंदवल्या आणि बेताच्या सेवनानं फारसं नुकसान होत नाही, म्हणून सरसकट बंदी नको, असं सांगितलं. समर्थक तेवढंच उचलतात. आयोगाचं खरं मोठं काम वेड्यांच्या इस्पितळांच्या दप्तरात होतं. रुग्णाच्या कागदावर कारणाचा रकाना असे. माहिती नसली तरी तो भरावा लागे, आणि मग ‘गांजा’ लिहून मोकळं होत. १८९२च्या अशा २२२ नोंदी आयोगानं एकेक करून तपासल्या. निम्म्याहून अधिक टिकल्या नाहीत. पण ९८ टिकल्या, आणि भांग-गांजानं वेड लागू शकतं हे आयोगानं मान्य केलं. खोटा आरोप खोडताना खरा धोका त्यानं लपवला नाही. बंदीवाले २२२ धरून बसले, समर्थकांनी ९८ गाळले.

दारू याहून घातक नाही का, आणि कायद्याचा बडगा गरिबावरच पडतो ना? दोन्ही आक्षेप रास्त आहेत. १९८५च्या केंद्रीय कायद्यानं नुसती पानं गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवली, महाराष्ट्राच्या १९४९च्या दारूबंदी कायद्यात मात्र ती येतात. ही विसंगती जरूर चर्चेला घ्यावी. पण शिक्षा अन्यायाची आहे म्हणून द्रव्य निरुपद्रवी ठरत नाही. पोटातून घेतलेल्या भांगेचा अंमल तासा-दोन तासांनी चढतो. काहीच झालं नाही म्हणून माणूस आणखी घेतो आणि मग दोन्ही मात्रा एकदम अंगावर येतात. कोवळ्या वयात चित्तभ्रमाचा धोका वाढतो. वनस्पतीतलाच एक घटक मिरगीच्या काही दुर्मीळ प्रकारांवर उपयोगी ठरला, २०१८मध्ये अमेरिकेत त्याला मान्यताही मिळाली. पण त्याच औषधाच्या चाचण्यांत काहींच्या यकृतावर परिणाम दिसला, आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा जोर ते औषध वाढवू शकतं. म्हणून बाटली हाती देण्याआधी वय काय, घरात कुणाला मानसिक आजार होता का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढं तरी समोर बसवून विचारलं गेलं पाहिजे.