निवड कोणाची?

एखाद्या रोगावर उपाय किती, हें सांगणें सोपें आहे. ते उपाय कोणास खरोखर मोकळे आहेत, हें सांगणें कठीण. लहान मुलांच्या मेंदूंतील गांठींसंबंधीं हा दुसरा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

या गांठी सर्व सारख्या नसतात. लहान मेंदूंत होणारी मेड्युलोब्लास्टोमा शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधें यांनीं पुष्कळ मुलांत बरी होते. तेथें घरीं थांबणें म्हणजे हातचा जीव घालविणें होय. परंतु मेंदूच्या देठांत पसरणारी डी. आय. पी. जी. नामक गांठ, श्वास चालविणाऱ्या भागांतच विणली गेल्यामुळें, कापून काढतां येत नाहीं. सुमारें ६ आठवडे किरण दिले असतां कांहीं महिने सुखाचे जातात. बहुतेक मुलें निदानापासून वर्षा-दीड वर्षांत दगावतात. चंद्रावर प्रथम पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँगची कन्या १९६२ सालीं याच रोगांत गेली. तेव्हां किरणांचाच आधार होता. आजही मुख्य आधार तोच. २०२५ सालीं अमेरिकेनें डॉर्डाव्हिप्रोन हें औषध अशा कांहीं गांठींसाठीं संमत केलें. त्यानेंही रोगाचा समूळ नाश होत नाहीं.

आतां हा प्रश्न गडचिरोलींतील भामरागडच्या माडिया आईबापांपुढें ठेवून पाहावा. पर्लकोटेच्या पुरानें तेथील रस्ता पावसाळ्यांत अनेकदां तुटत आला आहे. उपचारासाठीं नागपूर, कित्येकदां मुंबईही गांठावी लागते. महात्मा जोतिराव फुले योजनेनें औषधपाण्याचा खर्च उचलला तरी बुडालेली मजुरी आणि घरीं मागें राहिलेलीं भावंडें यांची चिंता उरतेच. डॉक्टरांचें बोलणें माडियांत समजावणारा जवळ नसेल, तर बापाचें 'नको' विचाराचें कीं थकव्याचें, हें कोणी ठरवावें?

कोणी म्हणेल, आयुष्याचा एक दिवसही अमोल आहे. खरें, पण तो दिवस परक्या शहरांतील वाटेंत घालवावा कीं आपल्या अंगणांत, हें ठरविण्याचा अधिकार आईबापांचा आहे. सर्व समजून जो बाप मुलाला घरीं ठेवतो तो निर्दय नव्हे, आणि जो नेतो तो वेडाही नव्हे.

मात्र त्या निर्णयास निवड म्हणण्यापूर्वीं समाजानें आपलें देणें फेडलें पाहिजे: गांठ कोणती याचें वेळेवर निदान, त्यांच्या भाषेंत सत्यकथन, आणि घरीं राहणाऱ्यासही वेदना शमविणारें मॉर्फिन व परिचारिकेचा हात. हें न देतां आपण ज्यास त्यांची निवड म्हणतों, ती आपली उपेक्षा होय.