उठण्याआधी

अर्ज अर्धा भरून होतो आणि ओटीपी येतो. तो पाहायला आपण संदेशांत जातो, परत येतो. बहुतेक वेळा अर्ज सोडला तिथेच थांबलेला असतो. एखाद्या वेळी मात्र सगळ्या चौकटी कोऱ्या.

पडद्याआड गेलेलं अ‍ॅप मागे चालूच असतं, अशी आपली समजूत. आयफोनवर ते मेमरीत राहतं, पण काही क्षणांतच गोठवलं जातं. गाणी वाजवणं, रस्ता दाखवणं, कॉल अशी मोजकी कामंच मागे चालू ठेवता येतात, आणि इतर कंपन्यांच्या अ‍ॅप्सना तेवढी मुभाही २०१० मध्ये, आयओएस ४ बरोबर मिळाली. अँड्रॉइड याबाबत आधीपासून सैल होतं. तरी मेमरी कमी पडली की आयफोनसारखंच तेही मागची अ‍ॅप्स बंद करतं.

मला थांबवते ती पुढची गोष्ट. गोठलेलं अ‍ॅप बंद करताना फोन त्याला काहीच कळवत नाही. आवरायला शेवटची संधी नाही. त्यामुळे चांगला प्रोग्रामर शेवटाची वाट पाहत नाही. पडद्यावरून उतरतानाच अर्धवट मजकूर, निवडलेले पर्याय तो नोंदवून ठेवतो. मग मध्ये अ‍ॅप बंद पडून नव्यानं सुरू झालं, तरी वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ज्याला आपण कधी भेटणार नाही, त्याच्या अर्धवट कामाची ही काळजी मला फार मोलाची वाटते.

आपण मात्र कामावरून नुसते उठतो. शरीर दुसऱ्या टेबलाशी पोचतं, मन पहिल्यावरच घुटमळतं. सोफी लेरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये हे दाखवून दिलं. पुढे २०१८ मध्ये टेरेसा ग्लॉम्ब यांच्यासोबत तिनं एक उपाय तपासला. काम मध्येच सोडावं लागलेल्या काही जणांना उठण्याआधी जेमतेम मिनिटभर लिहायला सांगितलं. मधल्या कामात त्यांचं लक्ष इतरांपेक्षा चांगलं लागलं. लिहायचं होतं ते इतकंच: मी कुठवर आलो, आणि परतल्यावर आधी काय करणार.