सेवकाचा सुटीचा दिवस

सेवेसाठी परगावी गेलेल्या तरुणाने सुटीच्या दिवशी कोठे हिंडावे, हा काही नीतिशास्त्राचा प्रश्न नव्हे असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. आठवडाभर तो नेमून दिलेले काम करीत असतो. शाळेत शिकवितो, दवाखान्यात नोंदी ठेवतो, शेततळ्यांची मोजमापे घेतो. त्या वेळचे त्याचे वागणे पुष्कळसे संस्थेच्या नियमांनी बांधलेले असते. सुटीच्या दिवशी नियम नसतात. खांद्याला पिशवी लावून तो बाजारात शिरतो, दुपारी एखाद्या खेड्याची वाट धरतो, आणि ज्या लोकांसाठी आपण आलो असे तो म्हणतो त्यांच्याकडे तो कोणत्या नजरेने पाहतो हे तेथे उघड होते.

हुबळी-धारवाडकडे असे सेवक पूर्वीपासून येत आले आहेत. बासेल मिशनचे लोक धारवाडास १८३७ साली आणि हुबळीस १८३९ साली आले. अलीकडे समाजकार्य करणाऱ्या संस्थांच्या निमित्ताने महाविद्यालयीन तरुण येतात, काही परदेशांतूनही येतात. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यातच होता. त्यामुळे पुण्या-सोलापूरकडच्या आपल्या मुलांना तो परका वाटत नाही. बाजारात थोडे मराठी बोलूनही काम भागते. आमच्या मते अडचण नेमकी येथेच आहे. आपण पाहुणे आहोत हे परदेशी मुलाला पावलोपावली आठवते, आपल्या मुलाला आठवत नाही.

बाजार पाहण्याजोगा आहे यात शंका नाही. हुबळीच्या दुर्गद बैलात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. ज्वारीच्या भाकरी, ब्याडगी मिरचीचे ढीग, चुरमुऱ्यांचे गिरमिट, इरकली लुगडी. धारवाडचा पेढा तर सर्वांस ठाऊक आहे, पण तो मुळात उत्तरेकडल्या उन्नावहून येथे येऊन राहिलेल्या ठाकूर कुटुंबाने केलेला, हे पुष्कळांस ठाऊक नसते. बाहेरून आलेला माणूस गावचा कसा होतो, याचे हे गोड उदाहरण आहे म्हणाना! गावात बसून त्याने काही केले, विकले, आणि गावाने ते विकत घेतले.

आता भाव करण्याचा प्रश्न घेऊ. घासाघीस करणे पाप आहे काय? शब्बाथशाळेतील मोठ्या मुलांनी हा प्रश्न विचारला, तर शिक्षकांनी घाईने होय किंवा नाही म्हणू नये. बाजारात भाव करणे हे एक बोलणेही असते. त्यात थट्टा असते, ओळख होते, आणि विकणारी बाई त्यात आपल्याहून तरबेज असते. पण दोघांची गरज सारखी नसली म्हणजे ते बोलणे सरळ राहत नाही. सायंकाळ झाली, टोपलीत मेथीच्या दहा जुड्या उरल्या, गावाकडची शेवटची बस निघण्याच्या बेतात आहे. अशा वेळी ती बाई पडेल त्या भावाला देते, आणि हे आपल्याला ठाऊक असते. काचेच्या दुकानात लावलेली किंमत आपण मुकाट्याने मोजतो आणि जमिनीवर बसलेलीशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो, यात काटकसर थोडी आणि भित्रेपणा अधिक असतो.

सरकारलाही ही गोष्ट फार पूर्वी कळली होती. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा करण्याची रीत आपल्याकडे सर्वांनी पाहिली आहे. कापूस-धान्याच्या व्यापारातही अशा झाकलेल्या सौद्यात आणि खोट्या वजनात शेतकरी नागवला जाई. म्हणून मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजारांचा कायदा झाला, आणि धारवाड जिल्हा तेव्हा त्याच इलाख्यात होता. उघड लिलाव आणि खरे वजन हा बाजार समित्यांचा हेतू होय. तो सर्वत्र साधला असे आम्ही म्हणत नाही. टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला मात्र कोणत्याही समितीचा आधार नाही. तिचा काटा खरा आहे की नाही हे आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. आपला काटा पाहणारे तेथे कोणी नसते.

याच्या उलट आणखी एक चूक आहे, आणि भल्या मनाचे सेवक तीच करतात. वीस रुपयांच्या पेरूंना शंभराची नोट देऊन ते म्हणतात, राहू द्या. आठवडाभर देत राहिल्यामुळे हाताला तीच सवय लागलेली असते. पण ती बाई भीक मागायला बसलेली नव्हती. तिच्याजवळ विकण्यासारखे काही होते, आणि काही क्षण ती आणि तो एका पातळीवर उभे होते. त्या नोटेने तो पुन्हा वर चढला आणि ती खाली गेली. माल वाजवी दराने घेणे हा देखील एक आदर आहे.

वाजवी दर म्हणजे काय हे कळण्यासाठी मात्र काम पाहावे लागते. धारवाडची कशिदाकारी, जिला तेथे कसुती म्हणतात, ती कापडावर आधी चित्र न काढता केवळ धागे मोजून भरतात. गवंती आणि मुरगी हे टाके कापडाच्या उलट-सुलट दोन्ही बाजूंस सारखे दिसतात. एक पदर भरायला किती दिवस बसावे लागते हे विचारल्याशिवाय किंमत जास्त आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

खेड्यांकडे जाणाऱ्याने धारवाडजवळचे गरग अवश्य पाहावे. तेथे राष्ट्रध्वजासाठी खादी विणली जाते. हुबळीच्या बेंगेरी भागात, १९५७ साली स्थापन झालेल्या खादी ग्रामोद्योग संघाच्या केंद्रात ध्वज शिवले जातात आणि तेथले बहुतेक काम स्त्रिया करतात. माग चालताना पाहून सेवक वहीत लिहितो, किती शांत जीवन! डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलून यंत्रावरच्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजांना परवानगी मिळाली आणि २०२२ मध्ये या संघाने त्याविरुद्ध आवाज उठविला. खादीची मागणी घटली की मागावर बसणाऱ्या बाईची मजुरीही घटते. हे न विचारता परतणाऱ्याने तिचे जीवन पाहिले नाही, तिचे चित्र पाहिले. छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे हे तर आम्ही सांगायलाही नको.

फर्डिनांड किट्टेल १८५३ साली मिशनरी म्हणून आले आणि आरंभीच्या काळात याच भागात वावरले. त्यांचा कन्नड-इंग्रजी शब्दकोश १८९४ साली मंगळुरास प्रसिद्ध झाला. असे काम वाचनालयात बसून पुरे होत नाही. पंडितांबरोबरच सामान्य माणसांपाशीही शिष्य होऊन बसावे लागते. शिकवायला आलेला मनुष्य शब्द मागत हिंडला. याकोबाच्या विहिरीवर प्रभूनेही त्या शोमरोनी स्त्रीशी बोलणे काढले ते पाणी मागून, हे उपदेश करणाऱ्या आम्हा मंडळींच्या ध्यानात क्वचित राहते.

म्हणून तिकडे जाणाऱ्या तरुणांना आम्ही एवढेच सांगतो की पहिल्या बसने बाजारात जावे, वयस्क बाईला अव्वा म्हणावे, आणि तिकडे बोलण्यात आदराने ‘री’ जोडतात तो कान देऊन ऐकावा. घेतलेल्या भाजीचे कन्नड नाव तिलाच विचारावे. ती हसेल, हसू द्यावे. आणि जवळ सुटे पैसे ठेवावेत, कारण सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाची पाचशेची नोट मोडून देण्याइतके पैसे तिच्या कनवटीला अजून आलेले नसतात.